टायमर शून्यावर कधी येतो ते आधी ठरवा

जून-जुलै हा माझा कामाचा सीझन. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी ओढून ठेवलेल्या, वर ताडपत्र्या, आणि बोटीच नाहीत तर बर्फ कोणाला पाहिजे, म्हणून बर्फाच्या फॅक्टऱ्या पण बंद नाहीतर अर्ध्यावर. मालक पॅनेल उघडायला देतो तो फक्त या दिवसात. ऑगस्ट लागला की पॅनेलच्या दाराला हात जरी लावला तरी माणसं अशी बघतात की जसं काही मी त्यांचा धंदाच बंद करायला आलेय. हर्णै, रत्नागिरी, मालवण, कुठेही जा, हेच. तर रिलेची जुनी पॅनेलं काढून पीएलसी, म्हणजे प्रोग्रामवर चालणारा कंट्रोलर, टाकायचा, नाहीतर दुसऱ्या कोणी टाकलेला प्रोग्राम निस्तरायचा, हे सगळं धो धो पावसात, दमट पॅनेलमध्ये, एका हाताने फडक्याने पुसत.

यावर्षी आयटीआयची मुलं सोबत आहेत आणि त्यांचे प्रश्न फिरून फिरून दोनच जागी येतात, टायमर आणि ब्रांच. पुस्तकात दोन्ही वेगवेगळ्या धड्यात असतात त्यामुळे डोक्यात पण वेगवेगळे बसतात. साईटवर मात्र कधी वेगळे भेटत नाहीत. टायमर बिघडलाय असं सांगून मला बोलवतात आणि जाऊन बघितलं तर टायमर बरोबर मोजत असतो, त्याच्या आधीची ब्रांच चुकीच्या जागी सुरू झालेली असते नाहीतर चुकीच्या जागी संपलेली असते, आणि त्यामुळे टायमर नको तेव्हा शून्यावर येतो किंवा यायला पाहिजे तेव्हा येत नाही.

आधी ब्रांच, कारण ती सोपी आहे. पीएलसीचा प्रोग्राम शिडीसारख्या ड्रॉइंगमध्ये काढतात, त्याला लॅडर म्हणतात, डावीकडे कॉन्टॅक्ट म्हणजे अटी, उजव्या टोकाला कॉइल म्हणजे निकाल. एका रांगेत कॉन्टॅक्ट लावले की 'आणि', एकाखाली एक लावले की 'किंवा'. मोटर चालू-बंद करायची सगळ्यांना माहीत असलेली लाइन घ्या. एक्स० ला स्टार्ट बटण, एक्स१ ला स्टॉप, वाय० मोटर. उदाहरणात मी एक्स (इनपुट), वाय (आउटपुट), एम (आतली मेमरी), टी (टायमर) असेच पत्ते घेतेय, डेल्टा आणि मित्सुबिशी एफएक्सवाल्यांना ओळखीचे, सीमेन्सवाल्यांनी आय, क्यू, एम असं मनात बदलून घ्यावं.

(एक्स० किंवा वाय०) आणि एक्स१ → वाय०

स्टार्ट दाबला, वाय० आला, आता वाय० चाच कॉन्टॅक्ट स्टार्टच्या खाली ब्रांचमध्ये आहे म्हणून बोट काढलं तरी मोटर चालू. यालाच आपण होल्डिंग म्हणतो. आता हीच लाइन अशी लिहा:

(एक्स० आणि एक्स१) किंवा वाय० → वाय०

स्क्रीनवर बघितलं तर फरक फक्त एवढाच की ब्रांचची उजवी उभी रेघ एक कॉन्टॅक्ट पुढे सरकली. पण आता होल्डिंग स्टॉपच्या पलीकडे जाऊन जोडलं गेलं, मोटर एकदा चालू झाली की स्टॉपने बंद होणारच नाही. मालवणकडच्या एका फॅक्टरीत बोअरच्या पंपाला असंच होतं, तिथले ऑपरेटर काका फोनवर म्हणाले, "बटण दाबलंय तरी बंद होणा नाय गो, मेन स्विच पाडूक लागता." तिथे पोचले तर वरून "आधी च्या घे गो बाय, मगे बघ". बघायला फार काही नव्हतंच, माउसने रेघ ओढताना कोणाचीतरी एक घर पुढे सुटली होती. पंप होता म्हणून हसण्यावारी गेलं.

स्टॉप बटणाबद्दल अजून एक, कारण मुलं इथे दरवेळी अडखळतात. स्टॉप बटण वायरिंगमध्ये एनसी घ्यायचं, म्हणजे न दाबता एक्स१ ला करंट येत असतो, म्हणून लॅडरमध्ये त्याचा एनओ कॉन्टॅक्ट काढायचा (एनओ म्हणजे पत्ता चालू असला की जोडणारा, एनसी त्याच्या उलट). उलटं वाटतं खरं. पण समुद्राच्या काठावर टर्मिनल गंजून वायर सुटणं ही रोजची गोष्ट आहे आणि वायर सुटली तर मशीन थांबलं पाहिजे, स्टॉप निकामी होता कामा नये. आणि इमर्जन्सी स्टॉप पीएलसीच्या भरवशावर सोडायचाच नाही, तो कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे मोटरला वीज जोडणाऱ्या मोठ्या स्विचच्या, कॉइलची सप्लाय थेट तोडेल असाच वायर करायचा, प्रोग्रामला फक्त कळवायचं की तो दाबलाय.

आता टायमर. कंपनी कुठलीही असो, मूळ प्रकार तीन-चारच. आयईसी ६११३१-३ नावाचं स्टँडर्ड १९९३ साली पहिल्यांदा आलं, त्यात टॉन, टॉफ आणि टीपी हे तीन दिलेत, सीमेन्सच्या एस७-१२०० मध्ये त्यांच्या जोडीला टॉनआर आहे, ॲलन-ब्रॅडलीत त्याच कामाला आरटीओ. मी मुलांना एकेका शब्दात सांगते. टॉन म्हणजे 'सलग'. अट सलग इतका वेळ खरी राहिली तरच मी खरा. मध्ये एका स्कॅनपुरती, म्हणजे प्रोग्रामच्या एका फेरीपुरती, जरी अट तुटली तरी आतापर्यंतचं सगळं मोजलेलं गेलं, आंब्याची पेटी भरताना मोजणाऱ्याला कोणी मध्येच हाक मारली की त्याला परत एकपासून सुरू करावं लागतं तसं. आरटीओ किंवा टॉनआर म्हणजे 'एकूण', तुटक तुटक मिळालेला वेळ पण जमा होत जातो आणि शून्यावर आणायला वेगळी रीसेट लागते. टॉफ म्हणजे 'नंतरही', अट गेल्यावर आउटपुट थोडा वेळ धरून ठेवतो. टीपी ठरलेल्या वेळेची एक पल्स देतो, इनपुट मध्ये गेलं तरी.

हे चार शब्द पाठ झाले की पुढचा प्रश्न 'किती सेकंद' हा नसतो, तो नंतर साईटवर उभं राहून ठरतो. आधीचा प्रश्न असा की कुठल्या कुठल्या कारणाने हा टायमर शून्यावर यायला हवा, आणि कुठल्या कारणाने येता कामा नये. हे एका वाक्यात लिहिता आलं नाही तर मी लाइन काढतच नाही.

बर्फाच्या फॅक्टरीतलंच उदाहरण घेऊ कारण तिथे हे सगळं एका पॅनेलमध्ये भेटतं. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी, मोठ्या टाकीत मिठाचं पाणी म्हणजे ब्राईन, साधारण उणे ८ ते १० डिग्रीला, त्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे डबे उभे सोडलेले, त्यांच्या लाद्या होतात. ब्राईन हलतं ठेवायला एजिटेटर, ब्राईन थंड करायला अमोनियाचा कॉम्प्रेसर, आणि अमोनिया थंड करायला कंडेन्सरवर पाणी सोडणारा पंप. आधी कंडेन्सरचा पंप, मग एजिटेटर, मग कॉम्प्रेसर, हा क्रम मोडायचा नाही.

कॉम्प्रेसर चालू होताना एक अडचण असते. त्याचा तेलाचा पंप त्याच्याच शाफ्टवर फिरतो, म्हणजे कॉम्प्रेसर फिरल्याशिवाय तेलाचं प्रेशर येणार नाही, आणि आपल्याला तर लिहायचंय की तेलाचं प्रेशर नसेल तर कॉम्प्रेसर बंद. म्हणून सुरुवातीचा थोडा वेळ ती अट बायपास करावी लागते. टायमर आणि ब्रांच दोन्ही आले. एका ठिकाणी, बाहेरून बनून आलेल्या पॅनेलमध्ये, मला असा प्रोग्राम सापडला (एम० म्हणजे ऑटोचा हुकूम, एक्स५ तेलाचं प्रेशर ठीक, वाय१ कॉम्प्रेसर, टी५ हा ६० सेकंदांचा टॉन, के६०० म्हणजे १०० मिलिसेकंदांचे ६०० ठोके):

एम० आणि (एक्स५ किंवा टी५ चा एनसी) → वाय१
वाय१ → टी५, के६००

वाचायला किती छान वाटतं. पहिली ६० सेकंद टी५ पूर्ण झालेला नाही म्हणून त्याचा एनसी जोडलेला, कॉम्प्रेसर चालू. ६० सेकंद झाली, एनसी उघडला, आता एक्स५ नसेल तर वाय१ पडेल. बरोबर, पडतो. पण पडल्यावर काय होतं ते स्कॅनच्या नजरेने बघा. पीएलसी आधी सगळे इनपुट वाचून घेतो, मग प्रोग्राम वरून खाली चालवतो, मग आउटपुट बाहेर टाकतो, आणि परत सुरू. तर ज्या स्कॅनला पहिल्या लाइनीत वाय१ पडला त्याच स्कॅनला खालच्या लाइनीत टी५ ची अट तुटली, टी५ शून्यावर. पुढच्या स्कॅनला टी५ चा एनसी परत जोडला गेलेला आहे, एम० तर ऑटोवर आहेच, वाय१ परत चालू. म्हणजे आउटपुट फक्त एका स्कॅनपुरता गेला, काही मिलिसेकंद. एवढ्यात कॉन्टॅक्टर सुटत पण नाही, फार तर आउटपुटचा रिले बारीक टिक करतो. आणि मग अजून ६० सेकंद बायपास, मग परत टिक. तेल नसताना कॉम्प्रेसर आरामात चालू राहणार आणि कागदावर मात्र प्रोटेक्शन आहे! त्या फॅक्टरीत कॉम्प्रेसरला स्वतःचा मेकॅनिकल ऑइल प्रेशर स्विच वेगळा होता, हाताने रीसेट करायचा, तो थेट कंट्रोल सर्किटमध्ये वायर केलेला, म्हणून काही झालं नाही. तो स्विच काढून टाकून 'आता पीएलसीत आहे ना' असं म्हणणाऱ्यांपासून लांब राहा.

आता यात ६० च्या जागी ४५ करा नाहीतर ९० करा, फरक शून्य. चूक आहे ती टी५ शून्यावर येण्याच्या कारणात. ज्या आउटपुटला ट्रिप करायचं त्याच आउटपुटवर टायमर टांगलेला आहे, म्हणून ट्रिप झाली की ट्रिपचं कारणच पुसलं जातं. ऑटोऐवजी स्टार्ट बटण आणि होल्डिंग असतं तर निदान वाय१ पडून राहिला असता, पण मग ऑपरेटर परत स्टार्ट दाबणार, परत ६० सेकंद सुक्यावर. दुपारी बोट धक्क्याला लागायची असेल तर माणूस दहा वेळा दाबेल, त्याला दोष नाही देता येत.

मी हे तीन तुकड्यात करते. एक टायमर कॉम्प्रेसरच्या फीडबॅकवर, म्हणजे कॉन्टॅक्टरच्या ऑक्झिलरी कॉन्टॅक्टवर, आउटपुटवर नाही. दुसरी लाइन: फीडबॅक आणि टी५ आणि एक्स५ चा एनसी → टी६, दोन-तीन सेकंदांचा, कारण प्रेशर क्षणभर खाली जाऊन वर येतं तेव्हा प्लांट बंद करायचा नसतो. आणि टी६ पूर्ण झाला की एम२० सेट. हा एम२० लॅच आहे, तो आता टायमर शून्यावर येवो न येवो, पडत नाही. कॉम्प्रेसरच्या लाइनीत ब्रांच काढूनच टाकायची, फक्त एम२० चा एनसी सरळ रांगेत. रीसेट वेगळ्या बटणाने, तेही कॉम्प्रेसर थांबलेला असेल तरच. लाइनी वाढल्या खऱ्या, पण रात्री वायरमनने ऑनलाइन जाऊन बघितलं तर कुठला कॉन्टॅक्ट हिरवा नाही ते त्याला दिसतं, आणि एम२० रिटेंटिव्ह भागातला घेतलात तर लाईट जाऊन आली तरी ट्रिप ट्रिपच राहते. एफएक्समध्ये त्यासाठी एम५०० च्या पुढचे घ्या, साधे एम लाईट गेली की पुसले जातात.

लाईट जाण्यावर तर वेगळंच लिहायला पाहिजे. पावसाळ्यात वारा सुटला की माडाची झावळी तारेवर, लाईट गेली, आली, परत गेली, मग दोन मिनिटांनी खरी आली. इथे टॉनचा विसराळूपणा कामाला येतो. व्होल्टेज आणि फेज बघणाऱ्या रिलेचा कॉन्टॅक्ट घ्या, त्यावर एक मिनिटाचा टॉन, आणि सगळ्या मोटरींच्या लाइनीत आधी तो. सप्लाय सलग एक मिनिट चांगली राहिली तरच पुढचं, मध्ये एक झटका आला की परत शून्यापासून. त्याच्या पुढे एकामागून एक अजून टॉन, पहिल्याने कंडेन्सर पंप, पाच-दहा सेकंदांनी एजिटेटर, नाहीतर सगळ्या मोटरी एकदम उठायला जातात आणि मेन ब्रेकर पाडतात. कॉम्प्रेसर मात्र मी आपोआप उठवत नाही. लाईट आल्यावर माणसाने जाऊन बघायचं आणि मग स्टार्ट द्यायचा, अमोनियाचं मशीन आहे.

त्या कॉम्प्रेसरलाच अजून एक टायमर लागतो, थांबल्यावर ठरावीक मिनिटं परत चालू करू द्यायचा नाही, मोटरलाही बरं आणि मशीनलाही. हे दोन तऱ्हेने लिहितात. काहीजण टॉफ वापरतात, कॉम्प्रेसर चालू असताना टॉफ खरा, थांबल्यावर पाच मिनिटं खरा राहतो, आणि तो खरा असेपर्यंत स्टार्ट अडवायचा. दुसरी तऱ्हा टॉनची, कॉम्प्रेसर थांबला की टॉन मोजायला लागतो, पाच मिनिटं पूर्ण झाली की स्टार्टला परवानगी. ऑफिसात बसून सिम्युलेट केलं तर दोन्ही हुबेहूब सारखे. आता लाईट घालवा. परत आली तेव्हा टॉफ शून्यावर आहे, त्याचं इनपुट नाही, आउटपुट नाही, म्हणजे अडवणारं कोणी नाही, ऑपरेटर लगेच स्टार्ट देऊ शकतो. टॉन पण शून्यावर आहे, पण त्याचा शून्य म्हणजे 'अजून परवानगी नाही', तो पाच मिनिटं थांबवतो. दोन्हीकडे शून्य, अर्थ मात्र उलटा. म्हणून अडवायचं काम मी टॉफला कधी देत नाही. टॉफ मी वापरते ते कॉम्प्रेसर थांबल्यावर कंडेन्सरचा पंप थोडा वेळ पुढे चालवायला, तिथे लाईट जाऊन टॉफ विसरला तर काही बिघडत नाही.

'एकूण'वाल्या टायमरचं एक. लोकांना वाटतं रिटेंटिव्ह म्हणजे लाईट गेली तरी लक्षात ठेवणारच. एफएक्समध्ये टी२५० ते टी२५५ घेतले तर ठेवतात. एस७-१२०० मध्ये टॉनआर हा इनपुट तुटलं तरी आकडा ठेवतो, पण सप्लाय गेल्यावरही ठेवायचा असेल तर त्याचा डेटा ब्लॉकमधला भाग रिटेन म्हणून टिक करावा लागतो, नाहीतर नावात आर असून उपयोग नाही. कॉम्प्रेसर किती तास चालला, तेल कधी बदलायचं, यासाठी हाच टायमर लागतो. शिवाय १०० मिलिसेकंदाच्या टायमरचा सगळ्यात मोठा आकडा के३२७६७, म्हणजे ३२७६.७ सेकंद, तासभर पण नाही. तर टायमरला एका मिनिटाचा ठेवायचा, के६००, पूर्ण झाला की रजिस्टरमध्ये एक मिळवायचा, आणि टायमर रीसेट. इथे लाइनींचा क्रम नीट ठेवा: आधी टायमर, मग 'एक मिळव', सगळ्यात खाली रीसेट. रीसेटची लाइन 'एक मिळव'च्या वर गेली तर टायमर पूर्ण झाल्याचं खालच्या लाइनीला कळायच्या आत पुसलं जातं आणि तास कधी वाढतच नाहीत. आणि ते रजिस्टर पण लॅचवाल्या भागातलं घ्या, एफएक्समध्ये डी२०० पासून पुढचं, नाहीतर सेकंद जपले आणि तास गेले.

स्टार-डेल्टा (मोठी मोटर आधी स्टार जोडणीत हळू उठवून मग डेल्टात टाकायची) सगळ्यांना येतो म्हणून पटकन जाते, फक्त मधल्या गॅपवर थांबते. मेन वाय१, स्टार वाय२, डेल्टा वाय३. टी० आठ सेकंदांचा, के८०, पूर्ण झाला की स्टार सोडायचा, डेल्टा घ्यायचा. लॅडरमध्ये वाय२ चा एनसी वाय३ च्या लाइनीत घातला की इंटरलॉक झाला असं समजतात. प्रोग्रामला वाय२ पडलाय हे त्याच स्कॅनला कळतं, पण खऱ्या कॉन्टॅक्टरला सुटायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो, आर्क विझायला अजून थोडा, आणि तेवढ्यात डेल्टा बसला तर सरळ शॉर्ट. म्हणून मध्ये छोटा टायमर. आता काहीजण तोही १०० मिलिसेकंदवाल्या टायमरमधलाच घेतात आणि के१ लिहितात. १०० मिलिसेकंद मिळाले असं वाटतं, पण टायमरचं घड्याळ आपल्या लाइनीसाठी थांबलेलं नसतं, त्याचा पुढचा ठोका ९५ मिलिसेकंदांनी पडेल किंवा ५ नी. म्हणजे के१ चा अर्थ शून्य ते १०० मधलं काहीही. १० मिलिसेकंदवाला टायमर घ्या, एफएक्समध्ये टी२०० पासून मिळतात, त्याला के१० द्या. आणि हे सगळं केलं तरी दोन्ही कॉन्टॅक्टरांचा एनसी एकमेकांच्या कॉइलमध्ये तांब्याच्या वायरने इंटरलॉक पाहिजेच, त्यावर वाद नको.

ब्रांचमधला राहिलेला त्रास म्हणजे डबल कॉइल. मॅन्युअलसाठी एक लाइन, शेवटी वाय०. ऑटोसाठी खाली दुसरी लाइन, शेवटी परत वाय०. मग मॅन्युअलमध्ये बटण दाबून पण पंप हलत नाही, कारण वरच्या लाइनीने वाय० चालू केला आणि खालच्या लाइनीने, तिची अट खोटी म्हणून, त्याच स्कॅनला बंद केला, बाहेर जातो तो शेवटचा निकाल. बरीच सॉफ्टवेअरं वॉर्निंग देतात आणि आपण ती न वाचता ओके करतो. दोन्ही लाइनींना वेगळे एम द्या, आणि सगळ्यात शेवटी (एम१० किंवा एम११) आणि ओव्हरलोड ठीक → वाय०, अशी एकच लाइन. अख्ख्या प्रोग्रामात वाय० ची कॉइल एकदाच. कुठलाही आउटपुट का आला किंवा का गेला हे शोधायला मग एकाच ठिकाणी जावं लागतं.

जुन्या रिलेच्या पॅनेलवर वाढलेल्या वायरमनांना एक गोष्ट नवीन असते. त्यांच्या रिलेत करंट वाट मिळेल तिकडे जातो, उजवीकडून डावीकडे पण, आणि त्या चोरवाटांनी भलतीच कॉइल उचलली जाते. पीएलसीच्या लॅडरमध्ये मागे जाणं नाहीच, डावीकडून उजवीकडे फक्त. म्हणून जुनं ड्रॉइंग जसंच्या तसं उतरवून काम होत नाही, कधी कधी त्या जुन्या पॅनेलमध्ये एखादी चोरवाटच कामाची असते आणि कोणाला माहीत नसतं! पण तरीही हीच माणसं महिन्याभरात लॅडर वाचायला लागतात, आणि लॅडर बनवली गेली तीच त्यांच्यासाठी. १९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला रिलेच्या भिंतीच्या भिंती काढून टाकायच्या होत्या, डिक मॉर्ली आणि त्यांच्या बेडफर्ड असोसिएट्सवाल्यांनी मोडिकॉन ०८४ बनवला, ०८४ कारण तो त्यांचा ८४ वा प्रोजेक्ट, आणि प्रोग्राम रिलेच्या ड्रॉइंगसारखाच दिसेल असा ठेवला म्हणजे प्लांटमधल्या इलेक्ट्रिशियनला वाचता येईल. इथे बंदरावरच्या फॅक्टरीत पण तेच लागू आहे, पॅनेल बनवणारी मी रात्री दोन वाजता तिथे नसते.

ब्रांचचा अजून एक अर्थ, जंप. सीजे टाकून प्रोग्रामचा एक तुकडा ओलांडून जायचा, मॅन्युअलमध्ये ऑटोचा भाग नको वगैरे. त्या ओलांडलेल्या तुकड्यात टायमर ठेवू नका. एफएक्समध्ये जंप लागला की तिथले साधे टायमर शून्यावर येत नाहीत, आहेत तिथे गोठतात, आणि जंप सुटला की तिथून पुढे मोजायला लागतात. म्हणजे आठ सेकंदांचा टायमर सहाव्या सेकंदाला गोठला, मध्ये अर्धा तास मॅन्युअलमध्ये गेला, परत ऑटोवर आलात आणि दोन सेकंदात तो पूर्ण. एस७ मध्ये पण टायमरच्या ब्लॉकला कॉलच केला नाही तर त्याचा आउटपुट बदलत नाही. जंपच्या ऐवजी प्रत्येक लाइनीत ऑटोचा एक कॉन्टॅक्ट पुढे लावा, लाइन लांब होते पण टायमर वेळेवर शून्यावर येतो.

आता टायमरच्या वेळा एचएमआयवर, म्हणजे ऑपरेटरच्या स्क्रीनवर, द्यायच्या की नाहीत. मालक म्हणतात सगळ्या द्या. मी लेव्हलच्या फ्लोटचा टायमर देते (टाकीत पाणी पडताना लाटा उठतात, फ्लोट थरथरतो, तीन ते पाच सेकंदांचा टॉन लावल्याशिवाय पंप चालू-बंद-चालू करत राहतो, आणि किती सेकंद ते त्या टाकीजवळच्या माणसालाच नीट कळतं). कंडेन्सर पंपाचा पुढे चालायचा वेळ देते. प्रत्येकाला खालची आणि वरची मर्यादा घालून, म्हणजे कोणी चुकून शून्य टाकलं तरी प्रोग्राम घेणार नाही. तेलाच्या प्रेशरचा बायपास, स्टार-डेल्टाचा गॅप आणि कॉम्प्रेसरचा पाच मिनिटांचा थांबा एचएमआयवर दिसतात पण बदलता येत नाहीत, पासवर्ड टाकून पण नाही. थांब्याचे उरलेले सेकंद मोठ्या आकड्यात उलटे मोजत दाखवते. ते दिसायला लागल्यापासून 'स्टार्ट लागत नाही, पीएलसी गेला' असे फोन बरेच कमी झालेत.